लिनफर्डचा डुक्कर-कोतवाल

आमच्या लिनफर्डमध्ये माणसाचं लग्न झालं की गाव त्याला आहेर करतं तो डुकरांचा. खोटं नाही सांगत. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी गावसभा भरते, आणि त्या सभेत वर्षभरात लग्न केलेल्या झाडून सगळ्या पुरुषांना 'डुक्कर-कोतवाल' म्हणून निवडतात. मोकाट डुकरं पकडायची, त्यांच्या नाकात कडी आणि मानेत लाकडी लोढणं आहे की नाही बघायचं, हे त्याचं काम. खरं काम चिमूटभर, हसणं पायलीभर. नवरदेव लाजत पुढे येतो, बायबलवर हात ठेवून शपथ घेतो, मागच्या बाकांवरची माणसं डुकरासारखी ओरडतात, की झालं. यातून कुणाची सुटका नाही. पाद्रीबाबांनी लग्न केलं तेव्हा पाद्रीबाबासुद्धा पकडले गेले होते. ही कसली रीत, असं बोस्टनचे लोक विचारतात. विचारू देत बापडे. आमच्या आज्या-पणज्यांनी घालून दिली, आम्ही पाळतो.

पण १८४३ साली याच रीतीनं वकील एनॉक वेदरबीची मान पकडली, आणि तीही भरसभेत.

एनॉक म्हणजे चालताबोलता प्रश्न. लहानपणापासून तसाच. गिरणीचं चाक उलटं फिरवलं तर काय होईल, पाद्रीबाबांना रविवारीच खोकला का येतो, असलं काहीबाही विचारून त्यानं मोठ्यांना हैराण केलेलं. अशा पोराचं काय करायचं? वकील करायचा. एका म्हाताऱ्या जज्जाच्या कचेरीत चार वर्षं झाडू मारत, कागद उतरवत तो कायदा शिकला. पुढे मेंढी कुणाची यावरून खटला झाला, तर यानं साक्षीदाराला तिचे दात किती ते विचारलं, आणि साक्षीदार खोटा पडला. गावानं त्याला आधी कुंपणं तपासायला नेमलं, मग शाळा-समितीवर घेतलं, मग तीनदा पंच केलं. पायरी-पायरीनं चढत त्रेचाळिसाव्या वर्षी गडी शेवटच्या पायरीशी आला होता. न्यू हॅम्पशरच्या विधानसभेत, काँकर्डला, लिनफर्डचा प्रतिनिधी म्हणून जायचं. त्याचं मतदान याच मंगळवारी होणार होतं.

त्याच्या विरोधात उभा होता गिरणीमालक. खालच्या आळीची मतं त्याची. वरच्या टेकडीवरची मतं एनॉकची, आणि टेकडीवरची मतं म्हणजे डीकन सॅनबर्नची मतं. चर्चमधला तो वडीलधारा माणूस. तो डावीकडे वळला की सगळी टेकडी डावीकडे वळायची.

आता इथे खरी मेख आहे, ती आधी सांगून टाकतो. डीकनचा पुतण्या होझिया दारूत बुडालेला आणि बायकोवर हात उचलणारा. त्याची बायको लोविना दोन वर्षांपूर्वी एनॉककडे आली, आणि एनॉकनं कोर्टात तिला घटस्फोट मिळवून दिला. डीकन कडू घोट गिळून गप्प बसला. वर एनॉकला म्हणाला, "पुतण्या नालायक होता, हे मी नाकारत नाही. तू न्यायानं वागलास. पण एक लक्षात ठेव. वकिलानं बायको सोडवली ती स्वतःसाठी, असं उद्या मला कळलं, तर टेकडीवरून तुला मत सोड, रामराम मिळणार नाही."

आणि गेल्या ऑक्टोबरात एनॉकनं लोविनाशी लग्न केलं होतं.

खटला चालू असताना यांच्यात काडीचंही काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. जे जुळलं ते नंतर, हळूहळू, कॉलर शिवून घ्यायच्या निमित्तानं. पण डीकनला हे कोण पटवणार? म्हणून दोघं गुपचूप नदीपलीकडे व्हरमाँटात गेली, तिथल्या एका न्यायाधीशासमोर उभी राहिली आणि नवरा-बायको होऊन परत आली. ती पुन्हा टोपीवालीच्या दुकानावरच्या खोलीत शिवत बसली, हा पुन्हा एका विधवा बाईंच्या खाणावळीत घेवड्याच्या शेंगा गिळत बसला. मार्चपर्यंत, असं ठरलं होतं. मार्चची निवडणूक झाली की सांगून टाकायचं.

सोमवारी संध्याकाळी एनॉक कॉलर आणायला गेला. लोविना सभेत विकायला आल्याचा केक भाजत होती. तो दाराशीच उभा राहून म्हणाला, "मी काय म्हणतो, लोविना. उद्या निवडून आल्या आल्या सांगितलं, तर डीकनला वाटेल आपण फसवलं त्याला. जूनचं अधिवेशन होऊन जाऊ दे. मग सांगू."

"जून," लोविना म्हणाली.

"फार तर जुलै."

"बरं," लोविना म्हणाली, आणि भट्टीचं झाकण लावलं.

एनॉक खूश होऊन निघाला. बायकोनं 'बरं' म्हटलं की पुरुष जेवढं ऐकायचं तेवढंच ऐकतो. मेंढीचे दात मोजणारा हा माणूस, पण त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते काही त्याला मोजता आलं नाही.

मंगळवारी सकाळी गुडघाभर बर्फ. सभाघरात शेकोटी पेटवली होती तरी पाय गारठत होते. खालच्या आळीची माणसं सगळी हजर, आणि टेकडीवरचं एक कुत्रंही पोचलेलं नव्हतं. प्रतिनिधीचं मतदान आत्ता घेतलं असतं तर एनॉकचा तिथेच निकाल लागला असता. पण वकील तो वकील. उठला, आणि सभाध्यक्षांना गोड आवाजात म्हणाला, "अध्यक्षमहाराज, लांबून येणाऱ्यांवर अन्याय नको. मोठं मतदान जेवणानंतर घेऊ. तोवर किरकोळ पदं उरकून टाकू."

गिरणीमालक कुरकुरला, पण सभेनं हात वर केले. एनॉक मनातल्या मनात मिशीवर ताव देत खाली बसला. स्वतःचा खड्डा स्वतः खणणारा माणूस इतक्या आनंदात फावडं मारताना मी दुसरा पाहिलेला नाही.

कुंपण तपासणारे निवडले. लाकूड मोजणारे निवडले. मोकाट गुरांच्या कोंडवाड्याचा राखणदार निवडला. तेवढ्यात बाहेर घुंगरं वाजली, आणि बर्फानं पांढरे झालेले टेकडीवाले डीकनच्या मागोमाग आत शिरले. सहा घसरगाड्या भरून आले होते. एनॉकनं डोक्यातल्या डोक्यात मुंडकी मोजली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मागच्या भिंतीशी बायका उभ्या होत्या. त्यांना मत नाही, पण केक, पाव आणि सफरचंदाचं गरम सायडर विकायला आणि जमलं तर ऐकायला त्यांना कोण अडवणार? त्यांच्यात लोविना केकचं ताट मांडून उभी होती. डीकननं तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"आता," अध्यक्ष हसू दाबत म्हणाले, "डुक्कर-कोतवाल."

सभाघर खदखदलं. नावं सुचवायचा मान चाळीस वर्षं एकाच माणसाचा होता, जेडॉक टेनी. वय सत्त्याहत्तर, दात तीन. गावात कुणाचं लग्न कधी झालं, हे जेडॉककाकाला कारकुनाच्या वहीपेक्षा जास्त पाठ. तो काठी टेकत उठला.

"पहिला, पिंपवाल्याचा मुलगा. जूनमध्ये अडकला."

पिंपवाल्याचा मुलगा लालबुंद होऊन पुढे आला. मागचे बाक किंचाळले.

"दुसरा, लोहार. दुसऱ्यांदा अडकला. पहिल्या वेळी शहाणा झाला नाही."

"डुकरांनाच विचारा, ती शहाणी असतात!" कुणीतरी ओरडलं. लोहारानंही हसत हसत शपथ घेतली.

"आणि तिसरा," जेडॉककाका घसा खाकरून म्हणाला, "एनॉक वेदरबी."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग असा काही हशा उसळला की खिडक्या थरथरल्या. गावातला सर्वांत जुना ब्रह्मचारी! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, चेष्टा करतोय, कालची जास्त झाली, जो तो काहीतरी बोलत होता. डीकनसुद्धा दाढीत हसला.

ही चेष्टा नाही, हे एकट्या एनॉकला ठाऊक होतं. पण चेहरा कोर्टात कमावलेला. तोही हसला, आणि उठून म्हणाला, "कारकूनसाहेब, कुणाचं लग्न ठरलं की तुमच्याकडे आधी जाहीर करावं लागतं. या वर्षी तुम्ही माझं नाव वाचून दाखवलंत का?"

कारकुनानं वही चाळली. "नाही बुवा."

"ऐकलंत?"

ऐकलं. सगळ्यांचं समाधान झालं. अध्यक्षांनी हातोडी उचललीसुद्धा. देवानं दार उघडून दिलं होतं, खाली बसायचं तेवढं बाकी होतं. ज्या म्हाताऱ्या जज्जाकडे तो शिकला, त्यानं शंभरदा सांगितलं होतं: उत्तर माहीत नसलेला प्रश्न भर कोर्टात कधी विचारू नये. पण एनॉकला आतून खाज सुटली होती. याला कळलं कुठून? व्हरमाँटच्या न्यायाधीशाकडून? नावाड्याकडून? पाच महिन्यांत कुणी पाहिलं? ते कळल्याशिवाय त्याला रात्री झोप लागली नसती. आणि सवय, दुसरं काय!

"पण जेडॉककाका," तो सगळ्यांना हसवत म्हणाला, "ही बातमी तुम्हाला दिली कुणी, तेवढं तरी कळू द्या."

"तुझ्या बायकोनं," जेडॉककाका म्हणाला.

हशा मध्येच तुटला. 

"कुठली बायको?" डीकननं विचारलं. त्याच्या दाढीतलं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"ते मी सांगायचं नाही," म्हातारा म्हणाला. "आज सकाळी ती माझ्याकडे आली. म्हणाली, काका, या वर्षीच्या नवरदेवांत त्यांचंही नाव घाला. मी म्हटलं, पोरी, खरं का? तिनं मला न्यायाधीशाच्या सहीचा कागद दाखवला. मी म्हटलं, मग तुझंही नाव सांगू ना? तर म्हणाली, नको. माझं नाव त्यांचं त्यांनी घेऊ दे, घ्यायचं असलं तर."

आता काय विचारता! माणसं माना वळवून वळवून बघायला लागली. गिरणीमालक तर बाकावर चढायचाच बाकी होता. टोपीवालीनं शेजारणीला कोपर मारलं. शाळामास्तरीण उगाचच लाल झाली, तर चार जणांचा तिच्यावरच संशय गेला.

डीकन उठून उभा राहिला. "एनॉक, मला वकिली नको. हो की नाही?"

एनॉकला राग आला, आधी रागच आला. असा दगा! काल 'बरं' म्हणाली आणि आज भरसभेत गळ्याला फास! चारच तास कळ काढली असती तर काँकर्ड खिशात होतं. आणि अजूनही गेलेलं नव्हतं. कारकुनाच्या वहीत नाव नाही. 'या राज्याच्या कायद्यानं माझ्या लग्नाची कुठेही नोंद नाही' एवढंच म्हटलं असतं, तर त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. वाक्य जिभेवर तयार होतं.

त्यानं मागच्या भिंतीकडे पाहिलं. लोविना त्याच्याकडे बघत नव्हती. हातात सुरी, समोर अर्धा कापलेला केक, आणि सुरी जागच्या जागी थांबलेली. विनवणी नाही, धमकी नाही. कोर्टात होझियाच्या वकिलानं तिला नको नको ते विचारलं होतं, तेव्हाही ती अशीच उभी होती. त्या दिवशी तिच्या बाजूनं उठून बोलणारा एकच माणूस तिथे होता. आज ती वाट पाहत होती, तो माणूस अजून उठतो का याची.

एनॉकला लाज वाटली. इतकी की कानशिलं तापली.

"हो," तो म्हणाला.

"कुणाशी?"

"लोविनाशी. गेल्या ऑक्टोबरात. ती माझी बायको आहे, डीकन, आणि हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. खटल्याच्या वेळी आमच्यात काही नव्हतं. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर."

 डीकननं नुसती टोपी घातली. सभाघरात देवाच्या नावानं उतरवलेली टोपी डीकननं कधी घातलेली कुणी पाहिलेली नव्हती.

अध्यक्षांना काय करावं सुचेना. एनॉकच पुढे गेला आणि म्हणाला, "कारकूनसाहेब, बायबल आणा." त्यानं हात ठेवला. लिनफर्ड गावातल्या डुकरांचा कोतवाल म्हणून आपलं काम इमानानं करीन, अशी शपथ घेतली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या बाकांवरून कुणी ओरडलं नाही. लोविनानं सुरी चालवून उरलेला केक कापला. दुपारपर्यंत त्यातला एक तुकडा विकला गेला, तो जेडॉककाकानं घेतला, आणि त्याला तर चावताही येत नव्हतं.

जेवणानंतर मतदान झालं. गिरणीमालकाला एकशे अठरा, एनॉकला बेचाळीस, त्यातली बहुतेक मधल्या बाजारातल्यांची. टेकडीवरून त्याला तीन मतं पडली. ती कुणाची, हे अजून आम्हाला कळलेलं नाही, आणि त्या तिघांनी ते सांगितलं तर डीकन त्यांना जगू देणार नाही.

माणसं बाहेर पडत होती तेवढ्यात रस्त्यावर आरडाओरडा झाला. टेकडीवरच्या रिकामटेकड्यांनी आपला राग काढला होता. गावात डीकनच्या बहिणीचं घर आहे, तिच्या गोठ्यातली मोठी डुकरीण त्यांनी सोडून दिली होती. कडी नाही, लोढणं नाही, अडीचशे रत्तलांचं धूड, आणि दुपारी बर्फ वितळून चर्चसमोर झालेल्या चिखलात धिंगाणा. "कोतवाल! ओ कोतवाल! या की कामावर!" सगळं गाव कुंपणावर चढून बसलं. सकाळी न आलेलं ओरडणं आता आलं.

एनॉक पायऱ्यांवर उभा होता. अंगात कोर्टाचा काळा कोट. घरी निघून गेला असता तर कुणी अडवलं नसतं. पण सकाळची शपथ ताजी होती. तो उतरला आणि डुकरिणीच्या मागे धावला. पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदा तिनं त्याला पाडलं. तिसऱ्यांदा त्यानं तिचा कान धरला, तर तिनं त्याला विहिरीपर्यंत फरफटत नेलं. लोक पोट धरून हसत होते.

"कान नाही, मागचा पाय धरा!"

लोविना होती. ताट कुणाच्या तरी हातात देऊन, स्कर्ट खोचून चिखलात उतरलेली. तिनं डुकरिणीला कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडलं, एनॉकनं पाय धरला, तिनं ॲप्रनची नाडी सोडून फास टाकला. दोन मिनिटांत काम झालं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली ती, तिला यात नवल ते काय! हसणारे जरा कमी हसले. लोहार तर चक्क म्हणाला, "वा!"

दोघं धापा टाकत उभी राहिली. एनॉकच्या कपाळावर चिखल, एका बुटाचा पत्ता नाही. अजून त्याच्या डोक्यात एकच भुंगा होता.

"हे करणार होतीस, तर काल मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?" लोविना म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मेंढीला दात किती, ते विचारता. म्हाताऱ्याला कुणी सांगितलं, ते विचारता. पाच महिन्यांत मला एकदा तरी विचारलंत, की लोविना, हे असं राहणं तुला जमतंय का?"

एनॉक वकील होता. उलटतपासणीत उत्तर नसलेला माणूस कसा दिसतो, हे त्यानं पुष्कळ वेळा पाहिलं होतं. आज पहिल्यांदा आतून पाहिलं.

"जमत होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"माझं काँकर्ड गेलं, लोविना."

"ठाऊक आहे. त्याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं." तिनं मनगटानं डोळे पुसले आणि चिखल गालभर केला. "पण तुम्ही आज 'नाही' म्हणाला असतात ना, तर मी संध्याकाळच्या गाडीनं आईकडे गेले असते. गाठोडं बांधून ठेवलंय."

डुकरीण हिसका मारत होती. कायद्यानं ती मालकाकडे पोचवायची, आणि मालकीण राहते गावाच्या दुसऱ्या टोकाला. गिरणीमागून एक पायवाट जाते, तिथून कुणाच्या दृष्टीस न पडता पाच मिनिटांत पोचता आलं असतं. मोठ्या रस्त्यानं गेलं तर सभाघर, खाणावळ, दुकानं, डीकनच्या घसरगाड्या, सगळं वाटेत.

एनॉकनं तोंड उघडलं. तो निर्णय सांगणार होता, नेहमीसारखा. मग थांबला.

"कुठून न्यायची हिला?" त्यानं विचारलं.

लोविनानं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"मोठ्या रस्त्यानं," ती म्हणाली.

त्यानं दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि एका पायात बूट, एका पायात मोजा असा लिनफर्डचा डुक्कर-कोतवाल बायकोला घेऊन साऱ्या गावादेखत मोठ्या रस्त्यानं निघाला.